हेडफोन ॲम्प घेताना मिलिवॅट सोड, व्होल्ट बघ

तर तुझा प्रश्न असा की घरी टेबलावर सेनहायजर एचडी ६००, ऑफिसचा लॅपटॉप, आठवड्यातून दोनदा पुणे-मुंबई ट्रेन, ट्रेनसाठी पाच ड्रायव्हरवाला आयईएम (कानाच्या आत बसणारा इअरफोन, त्यात आवाज काढणारे पाच छोटे ड्रायव्हर), फोन अँड्रॉइड, बजेट पंधरा हजार, आणि "दादा, दोन्हीकडे चालेल असा एकच छोटा ॲम्प सांगा, पण पॉवरफुल पाहिजे, किमान १००० मिलिवॅट". आधी हे सांगतो की पंधरा हजार संपवायची काही गरज नाही, आणि ते १००० मिलिवॅट तुझ्या डोक्यात कुठून आले तेही मला माहितीये, प्रत्येक खोक्यावर तोच आकडा सगळ्यात मोठ्या अक्षरात छापलेला असतो.

मी वीसेक वर्षं ऑडिओची दुरुस्ती करतोय, हेडफोन ॲम्पही बरेच येतात, आणि खरं सांगू का, लोक "आवाजात दम नाही" किंवा "सारखी सरसर येते" म्हणून जे घेऊन येतात त्यातले निम्मे ॲम्प बिघडलेलेच नसतात. ॲम्प ठीक असतो, हेडफोन ठीक असतो, फक्त दोघांची पत्रिका जुळलेली नसते.

ती जुळवायला दोन आकडे लागतात, हेडफोनचा इम्पिडन्स, म्हणजे तो करंटला किती अडवतो ते ओहममध्ये, आणि सेन्सिटिव्हिटी, म्हणजे ठरावीक पॉवरला तो किती जोरात वाजतो ते. तुझ्या एचडी ६०० चे आहेत ३०० ओहम आणि १ मिलिवॅटला ९७ डेसिबल. आता समजा गाण्यातला सगळ्यात जोरातला क्षण, सम जोरात पडते तो, ११० डेसिबलला गेला पाहिजे, म्हणजे ९७ च्या वर १३ डेसिबल, म्हणजे वीसपट पॉवर, म्हणजे २० मिलिवॅट. हो, वीसच. तू १००० मागत होतास. पण हे वीस मिलिवॅट ३०० ओहममध्ये ढकलायला व्होल्टेज लागतं, पॉवर गुणिले ओहम आणि त्याचं वर्गमूळ काढलं की जवळजवळ अडीच व्होल्ट. करंट मात्र फक्त ८ मिलिॲम्पिअर, म्हणजे काहीच नाही. तर एचडी ६०० ला ताकद नको असते, उंची पाहिजे असते, पाण्याच्या टाकीसारखं समज, टाकी छोटी असली तरी चालेल पण गच्चीवर पाहिजे.

प्लॅनर हेडफोनचं, म्हणजे ज्यात शंकूऐवजी चपटा पातळ पडदा हलतो त्यांचं, याच्या उलट. हायफायमॅन सुंदाराची सुरुवातीची आवृत्ती घे, ३७ ओहम आणि ९४ डेसिबल, त्याला ११० ला जायला ४० मिलिवॅट लागतात पण व्होल्ट सव्वाच पुरतात, करंट मात्र ३३ मिलिॲम्पिअर ओढतो, एचडी ६०० च्या चौपट. आणि हायफायमॅनचाच जुना एचई-६, ५० ओहम आणि ८३.५ डेसिबल, तो तर साडेचारशे मिलिवॅट खातो, लोक त्याला स्पीकरच्या ॲम्पला जोडायचे ते उगाच नाही. म्हणजे पॉवरफुल हा शब्द हेडफोनचं नाव घेतल्याशिवाय बोलण्यात अर्थच नाही.

आता खोक्यावरचा आकडा वाचायला शिक. ५०० मिलिवॅट असं लिहिलेलं असतं आणि शेजारी बारीक अक्षरात "१६ ओहमला". तेच वर्गमूळाचं गणित केलं की तो निघतो २.८ व्होल्टचा, आणि तुझ्या ३०० ओहमला तो जेमतेम २६-२७ मिलिवॅट देणार. दुसरा एखादा साधा दिसणारा डबा ३२ ओहमला २५० च मिलिवॅट सांगत असेल पण त्याच्या कागदावर ४ व्होल्ट लिहिलेलं असेल, तर तुझ्या कामाचा तो दुसरा, पहिला नाही. ज्या कागदावर किती ओहमला ते लिहिलेलंच नाही, तो कागद बघूच नकोस.

इथे एक कबुली देऊन टाकतो. १ व्होल्ट देणारा साधा ॲपलचा यूएसबी-सी डाँगल, म्हणजे फोनच्या पोर्टला लावायचा चिमुकला ॲम्प, एचडी ६०० ला १०२ डेसिबलपर्यंत नेतो, आणि शांत खोलीत माणूस सरासरी ७५-८० ला ऐकतो, जोरातले क्षण त्याच्या वर पंधरा-वीस डेसिबल, म्हणजे गणिताने तो डाँगलसुद्धा काठावर का होईना पुरतो. सिनेमाची गाणी, आजकालचं पॉप, हे सगळं इतकं चढवून मास्टर केलेलं असतं की फोनचा व्हॉल्यूम साठ टक्क्यांच्या वर न्यावाच लागत नाही. कमी पडतं ते शास्त्रीय ऐकताना. संथ ख्यालाचं चांगलं रेकॉर्डिंग असेल तर आलाप अगदी खाली असतो, द्रुत तान आणि तबला यांच्यासाठी वर जागा सोडलेली असते, आणि जुनी मैफलीची रेकॉर्डिंग तर कुणीतरी टेपवरून जशीच्या तशी उतरवलेली असतात, त्यांची लेव्हल दहा-बारा डेसिबल खालीच असते. त्यात तू इक्वलायझर वापरत असशील आणि बेस ६ डेसिबल वाढवला असशील तर क्लिप होऊ नये, म्हणजे आवाज फाटू नये म्हणून तेवढाच प्रीॲम्प, म्हणजे इक्वलायझरची एकूण लेव्हल, खाली घ्यावा लागतो, गेले आणखी ६. तिथे १ व्होल्टवाला हात टेकतो आणि ४ व्होल्टवाला निवांत असतो. तुझ्यासाठी ॲम्प घ्यायचं खरं कारण हे आहे, "साउंडस्टेज उघडतो" वगैरे गप्पांचं काय ते तू तुझं ठरव.

आणि हो, मोठा आवाज मिळतोय म्हणून तिथेच राहू नकोस. कामाच्या ठिकाणच्या आवाजासाठी अमेरिकेतल्या एनआयओएसएच संस्थेची मर्यादा ८५ डेसिबलला आठ तास अशी आहे, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. १०० ला पोचलास तर पंधरा मिनिटं.

आता आयईएमकडे ये, कारण सगळा घोळ तिथे आहे. तुझा तो पाच ड्रायव्हरवाला इतका सेन्सिटिव्ह असतो की दशांश व्होल्ट दिला तरी कान फुटायची वेळ येते. एचडी ६०० साठी हाय गेनवर (गेन म्हणजे ॲम्प सिग्नल किती पट वाढवतो ते) ठेवलेला दणकट ॲम्प याला लावलास की तीन गोष्टी होतात. एक, गाणं बंद असतानाही मागे सरसर ऐकू येते, ॲम्पचा स्वतःचा नॉइज पाचेक मायक्रोव्होल्ट असला तरी असा आयईएम तो ऐकवतो. दोन, व्हॉल्यूमचं चाक सकाळी सातच्या काट्यावरून आठवर नेलं की बस, आवाज पुरे, आणि नेमक्या त्याच पट्ट्यात स्वस्त पॉटचे, म्हणजे चाकामागच्या व्हॉल्यूम कंट्रोलचे, डाव्या-उजव्या कानाचे दोन ट्रॅक एकमेकांशी जुळत नाहीत, गायिका डाव्या कानात सरकते. गिऱ्हाईक म्हणतं उजवा ड्रायव्हर गेला. नाही रे, पॉट आहे तो, लो गेन करून चाक दहापर्यंत वर आण, गायिका मधोमध येऊन बसते.

तिसरी गोष्ट आउटपुट इम्पिडन्सची, म्हणजे ॲम्पच्या स्वतःच्या आतल्या अडथळ्याची, आणि तीच सगळ्यात दुर्लक्षित. जुन्या काळी हेडफोन आउटपुटला १२० ओहमची शिफारस असायची, आयईसी या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या स्टँडर्डमध्येच होती, आणि अजूनही काही जुन्या मिक्सर-रिसीव्हरच्या जॅकमागे शंभराच्या आसपासचा रेझिस्टर सापडतो. एचडी ६०० ला त्याने फारसं बिघडत नाही, त्याचा इम्पिडन्स बेसमध्ये पाचशेच्या आसपास चढतो त्यामुळे डग्गा डेसिबलभर फुगतो, काहींना तर ते आवडतं. पण बॅलन्स्ड आर्मेचर जातीचे चिमुकले ड्रायव्हर असलेल्या आयईएमचा इम्पिडन्स कुठे ८ ओहम तर कुठे ४० असा फिरत असतो, त्याला नुसता १० ओहमचा आउटपुट दिला तरी दोन टोकांत ५ डेसिबलचा फरक पडतो, म्हणजे कंपनीने वर्षभर बसून जो ट्यून केला तो तू एका वायरीत दुसराच करून टाकलास. साधा नियम, ॲम्पचा आउटपुट इम्पिडन्स हेडफोनच्या आठव्या भागापेक्षा कमी पाहिजे, आयईएमसाठी १ ओहम किंवा त्याखाली. आजचे बहुतेक डाँगल यात पास होतात, गंमत म्हणजे मोठे महागडे व्हॅक्यूम ट्यूबवालेच नापास होतात.

सरसर तपासायची माझी पद्धत सांगतो. रात्री साडेअकराला, पंखा बंद, आयईएम कानात, ॲम्प चालू, गाणं पॉज. मग नुसत्या तानपुऱ्याचा ट्रॅक अगदी हळू लावायचा आणि तो सुटतो कुठे ते ऐकायचं, तार विझत विझत जाते आणि शेवटी एकतर शांतता उरते किंवा ॲम्प उरतो. हे केल्यावर पंखा चालू कर. एप्रिल-मेमध्ये पुण्यात पंख्याशिवाय कोण बसतंय, आणि तिनावर फिरणाऱ्या पंख्याखाली ११० डेसिबल आणि १२० डेसिबल एसएनआरमधला (गाणं आणि ॲम्पची सरसर यांच्यातलं अंतर) फरक कुणाच्या बापाला कळत नाही, त्यामुळे त्या आकड्यांसाठी दुप्पट पैसे मोजू नकोस.

प्रवासाचं म्हणशील तर ट्रेनमध्ये ॲम्प हा सगळ्यात शेवटचा प्रश्न आहे. डब्यातला आवाज एवढा असतो की तो आलाप, तो तानपुरा, सगळं त्याच्याखाली जातं, मग माणूस व्हॉल्यूम वाढवतो आणि म्हणतो ॲम्प पाहिजे. ॲम्प नको, टिप्स पाहिजेत. कानात घट्ट बसणाऱ्या फोमच्या टिप्स घे, दोन साइज मागव, सील नीट बसलं की बाहेरचा आवाजही कमी आणि बेसही परत येतो, काहीशे रुपयांत जो फरक पडतो तो दहा हजारांच्या ॲम्पने पडत नाही. एचडी ६०० ट्रेनमध्ये न्यायचा विचारही करू नकोस, ओपन बॅक आहे, अर्धी बोगी तुझं गाणं ऐकेल आणि तुला मात्र चहावालाच ऐकू येईल.

हे एकाच डब्यात दोन्ही मागण्याचं वेड जुनं आहे, मलाही होतं. नव्वदच्या दशकाच्या शेवटी चू मॉय नावाच्या माणसाने एक खिशात मावणारं सर्किट लोकांसाठी खुलं केलं, एक ऑपॲम्प (सिग्नल वाढवणारी चिप), ९ व्होल्टची बॅटरी, दोन-चार रेझिस्टर, आणि लोक ते पेपरमिंटच्या गोळ्यांच्या पत्र्याच्या डबीत बसवायचे. त्यालाच सीमॉय म्हणतात. मीसुद्धा पुण्याच्या तपकीर गल्लीतून सामान आणून पहिला तोच बांधला, झाकण लावताना बॅटरीची पट्टी पत्र्याला टेकू नये म्हणून आत सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवलेला. आवाज छान होता. पण तो घेऊन विमानतळावर गेलो आणि एक्स-रेमध्ये पत्र्याची डबी, आत बॅटरी आणि वायरी असं दिसल्यावर काय होतं ते तू कल्पना कर. सिक्युरिटीवाल्या साहेबांना इअरफोन लावून लताबाई ऐकवल्या तेव्हा सोडलं, तेही हसत, पण मागच्या रांगेने मला मनातल्या मनात काय काय म्हटलं असेल. पुढे २०११ मध्ये ओ-२ आला, स्वतःला एनडब्ल्यूएव्हीगाय म्हणवणाऱ्या एका निनावी डिझायनरचा, सगळी मोजमापं उघड, आउटपुट इम्पिडन्स अर्धा ओहम, दोन ९ व्होल्टच्या बॅटऱ्यांवर किंवा अडॅप्टरवर चालणारा, टेबलावर पण आणि बॅगेत पण. तो आजही मी टेबलावर वापरतो. बॅगेत मात्र कधी नेला नाही, विटेएवढा डबा, वर वायरीचा गुंता. आणि ज्याने तो बनवला त्यानेच नंतर फक्त टेबलासाठीचा वेगळा ॲम्प करायला घेतला होता, पण २०१२ मध्ये तो माणूस गायबच झाला आणि ते राहिलं.

फोनच्या पाठीला रबरबँडने ॲम्प बांधून फिरायचे दिवस आता गेले, बरं झालं. घाटात खंडाळ्याच्या बोगद्यांत रेंज गेली की फोन पूर्ण ताकदीने टॉवर शोधायचा आणि २जीवर गेला की कानात ट-ट-ट-ट्ररर सुरू व्हायचं, ॲम्प जितका चिकटून तितकं जोरात. डाँगलला छोटी वायर असते त्याचा हाही फायदा, फोनपासून चार बोटं लांब राहतो.

ब्लूटूथचा डबा घ्यायचा का, हेही तू शेवटी विचारलंयस. क्वेडेलिक्स ५के किंवा फीओचा बीटीआर मालिकेतला कुठलाही, हे शर्टाला लावायला मस्त, फोनची बॅटरी वाचते, क्वेडेलिक्सचा इक्वलायझर तर एक नंबर. अँड्रॉइड असल्यामुळे तुला एलडॅक, म्हणजे ब्लूटूथवरून चांगल्या दर्जाचा आवाज पाठवायची पद्धत, मिळेल, पण त्याचा ९९० केबीपीएसचा मोड दादरच्या पुलावर गर्दीत तुटतो, ६६० वर ठेव आणि विसरून जा. फक्त लक्षात ठेव की ही आणखी एक बॅटरी आहे जी रोज चार्ज करायची आणि तीन-चार वर्षांत फुगणार, माझ्याकडे फुगलेल्या बॅटऱ्यांचे डबे दर उन्हाळ्यात येतात, गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेले असतात.

आता टेबल. लॅपटॉपच्या यूएसबीवर चालणारा ॲम्प असो की वेगळ्या अडॅप्टरचा, आपल्याकडे पहिला शत्रू अर्थिंग. लॅपटॉप मेटलचा असेल आणि चार्जर दोन पिनचा, तर हात फिरवल्यावर झिणझिण्या येतात ना, तोच गळका करंट ॲम्पमधून घूंऽऽ करत कानात येतो. चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवून बघ, हम गेला तर ॲम्पला दोष देऊ नकोस, तीन पिनचा चार्जर आणि वायरमनला बोलावून सॉकेटचं अर्थिंग बघून घे, ते तसंही करायलाच पाहिजे. ते जमत नसेल तर यूएसबी आयसोलेटर मिळतो. आणि नातेवाईक अमेरिकेहून येताना ॲम्प आणणार असतील तर अडॅप्टरवरचा कागद वाच. हलका अडॅप्टर बहुतेक १०० ते २४० व्होल्टचा असतो, पण काही ॲम्पना जड, ट्रान्सफॉर्मरवाला, एसी देणारा अडॅप्टर लागतो आणि तो तिकडचा ११५ व्होल्टचा असतो. मी, वीस वर्षांचा अनुभवी माणूस, बहिणीने आणलेला असा एक थेट २३० ला लावलाय. आधी गुरगुरला, मग वास आला, मग घरात सगळ्यांना समजलं. तसंच युरोपातून कुणी ॲपलचा डाँगल आणत असेल तर नको सांग, तिकडे विकला जातो तो अर्ध्या व्होल्टचा असतो.

पॉटवाला ॲम्प मुंबई-कोकणात ठेवणार असशील तर पावसाळ्यानंतर चाक फिरवताना खर्रर करणारच, घाबरू नकोस, वीस-पंचवीस वेळा इकडून तिकडे फिरव, नाही गेलं तर कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा. डब्ल्यूडी-४० नको मारूस, हात जोडतो.

बॅलन्स्डबद्दल, म्हणजे दोन्ही कानांना वायरींची वेगवेगळी जोडी देणाऱ्या आउटपुटबद्दल, लोक देवघरात ठेवल्यासारखं बोलतात. छोट्या डब्यांमध्ये त्याचा उपयोग एवढाच की तोच डबा, तीच चिप, पण व्होल्टेज दुप्पट. ३.५ एमएमच्या साध्या जॅकला २ व्होल्ट आणि ४.४ एमएमच्या बॅलन्स्ड जॅकला ४ व्होल्ट. तुझ्या एचडी ६०० ला नेमकं तेच पाहिजे आणि त्याची केबल निघते, त्यामुळे ४.४ ची केबल लावता येते. आयईएमला बॅलन्स्ड लावायचं काही कारण नाही. २.५ एमएमची पिन मात्र टाळ, ती पिन मी इतक्या वेळा तुटलेली काढलीये की आता चिमटा वेगळा ठेवलाय.

मग घ्यायचं काय. मूनड्रॉप डॉन प्रो किंवा त्याच जातीचा कुठलाही ४ व्होल्टवाला डाँगल घे. घरी लॅपटॉपला लावून ४.४ मधून एचडी ६००, गणिताने ११४ डेसिबलपर्यंत जागा आहे, तुला त्याच्या जवळपासही जायचं नाही. ट्रेनमध्ये तोच फोनला लावून ३.५ मधून आयईएम, गेन लो. म्हणजे तुझा एकच डबा हा हट्ट पुरा झाला, पण १००० मिलिवॅटने नाही, ३०० ओहमचा हेडफोन आहे म्हणून झाला. उद्या प्लॅनर घेतलास तर परत ये, मग फीओ के७ सारखा स्वतःच्या अडॅप्टरवरचा टेबलाचा ॲम्प बघू, आत्ता तो बजेटच्याही वर आहे आणि गरजेच्याही. फोनला लावल्यावर आवाज कमी वाटला तर परत करायला धावू नकोस, बऱ्याच अँड्रॉइड फोनवर डाँगलचा आतला व्हॉल्यूम खालीच अडकून राहतो, तो वर करायला कंपनीचं ॲप किंवा यूएसबी थेट हाताळणारं एखादं प्लेअर ॲप लागतं, आणि काही फोनमध्ये ओटीजीचं (फोनला बाहेरचं यूएसबी उपकरण चालवू देणारं) सेटिंग दहा मिनिटांनी आपोआप बंद होतं तेही बघ.

उरलेल्या पैशांतून ४.४ ची केबल घेताना दीड मीटरचीच घे. एचडी ६०० ची मूळची ३ मीटरची आहे, ती डाँगलला लावून टेबलावरून खाली सोडली की सगळं वजन लॅपटॉपच्या त्या इवल्याशा सी पोर्टवर येतं, आणि मग तू माझ्याकडे ॲम्प नाही, लॅपटॉप घेऊन येशील, आणि मदरबोर्डवरचे पोर्ट मी करत नाही.